मोहरी फेसताना

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



गेल्या उन्हाळ्यात माझा भाचा फ्रान्सहून सुट्टीवर आला. तो तिकडे लियों शहरात नोकरी करतो. परदेशातून येणारे नातेवाईक चॉकलेटं आणतात, अत्तर आणतात, अगदीच काही नाही तर साबणाच्या वड्या आणतात. या पठ्ठ्याने आमच्यासाठी मोहरी आणली. बुटकी काचेची बाटली, तीत फिकट पिवळा मऊ लगदा. म्हणाला, ‘मामू, ही दिजोंची मोहरी. तिकडे हिच्याशिवाय पान हलत नाही.’

मुलुंडच्या आमच्या स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्या असलेल्या माझ्या बायकोने झाकण उघडलं, चमच्याच्या टोकावर थोडी घेऊन जिभेवर ठेवली. क्षणभर काहीच झालं नाही. मग तिचे डोळे भरून आले, तिने नाक धरलं आणि ठसका आवरत म्हणाली, ‘अहो, ही तर आपली फेसलेली मोहरी! एवढ्यासाठी विमानाने कशाला आणायची?’

भाचा खट्टू झाला. मला मात्र त्या एका शब्दाने पन्नास वर्षं मागे नेलं. फेसलेली मोहरी. आजच्या तरुण श्रोत्यांपैकी कितीजणांनी हा शब्द ऐकला असेल कोण जाणे. आपल्याकडे मोहरी म्हटली की फोडणी आठवते. तेल तापलं, मोहरी टाकली, ती तडतडली, मग हिंग, मग हळद. मराठी घरातल्या स्वयंपाकाची सुरुवात या आवाजाने होते. पण मोहरीचं दुसरं एक रूप आहे, आणि त्यात तिचा आवाज होत नाही. मोहरी पाट्यावर घ्यायची, चिमूटभर मीठ, थोडं थोडं गार पाणी घालत वाटायची. वाटता वाटता तिला फेस येतो, रंग उजळतो, आणि एका क्षणी वाटणारीच्या नाकात झणका जातो. तो झणका आला की मोहरी फेसली. काकडीच्या कोशिंबिरीला, पिकलेल्या केळ्यांच्या दह्यातल्या कोशिंबिरीला, लोणच्याच्या खाराला ती लावायची. याला घड्याळ नाही, माप नाही. नाक सांगेल तेव्हा थांबायचं.

मी हे शिकलो घाटकोपरला. पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी आमची चाळ होती. आम्ही मूळचे दापोलीकडचे. वडील गोदीत कामाला. चाळीत आमच्यासारखी दोन मुसलमान घरं, बाकी रत्नागिरीचे, साताऱ्याचे, दोन-चार गुजराती बिऱ्हाडं. आमच्या दाराला लागून एक आजी राहत. सावंतवाडीकडच्या. एकट्याच असत, मुलगा रेल्वेत आणि त्याची सारखी बदली. आमच्या घरी पाटा-वरवंटा होता तो चांगल्या टाकीचा, काळा, जड. आजींचा पाटा झिजून गुळगुळीत झालेला. त्यामुळे मोहरी वाटायची म्हटलं की आजी वाटी घेऊन आमच्याकडे येत. येताना स्वतःचं पाणी तांब्यात घेऊन येत, तेवढा त्यांचा नेम होता. अम्माने तो कधी मनाला लावून घेतला नाही. पाटा धुऊन ठेवायची आणि आजींसाठी पाट मांडायची.

मे महिन्यात आजी एक पदार्थ करीत. त्याचं नाव सासव. सासव म्हणजे मोहरीच. संस्कृतात सर्षप, त्याचं हिंदीत सरसों झालं आणि कोकणी-मालवणीत सासव. गोव्यात, सिंधुदुर्गात, कारवारकडे आंब्याचं सासव घराघरात होतं. छोटे रायवळ आंबे सोलून अख्खेच घ्यायचे, बाठ्यासकट. ओलं खोबरं, सुकी लाल मिरची वाटायची, गूळ घालायचा आणि वाटण होत आलं की अगदी शेवटी मोहरी. गोड, आंबट, तिखट आणि या सगळ्यांच्या वरून तो नाकातला झणका. पदार्थात सगळ्यात जास्त आंबा, त्याखालोखाल नारळ आणि मोहरी चमचाभर. तरी नाव मात्र मोहरीचं! अख्ख्या पंक्तीत एवढा मान कुठल्या मसाल्याला मिळाला असेल असं मला वाटत नाही. आपल्या रायत्याचंही तसंच आहे. रायतं या शब्दात राई आहे. आज आपण दह्यात बुंदी टाकतो आणि त्याला रायतं म्हणतो. राई बिचारी कधीच बाहेर पडली, नाव ठेवून गेली.

आजी अम्माला सांगत, ‘अगो, मोहरी शेवटाक घाल. जास्त वाटू नको, कडू होतली.’ अम्माला हे सगळं लिहून हवं होतं. पण तिला देवनागरी वाचता येत नव्हतं. तिचं शिक्षण उर्दूतलं, तेही चौथीपर्यंत. मी महापालिकेच्या मराठी शाळेत जात होतो, कारण ती घराजवळ होती आणि उर्दू शाळेला जायला मोठा रस्ता ओलांडावा लागे. तेव्हा आजी सांगणार, मी मराठीत लिहिणार आणि अम्माला लागेल तेव्हा वाचून दाखवणार, असं ठरलं. चौथीतल्या दुरेघी वहीच्या पानावर मी ‘सासव’ असं ठळक अक्षरात लिहून खाली दोन रेघा मारल्या. कुणाला तरी उपयोगी पडावं म्हणून मी मराठीत लिहिलेलं ते पहिलं पान. कविता नंतरच्या.

आता मोहरीच्या झणक्यामागचं शास्त्र थोडक्यात सांगतो. मी बी.ए.वाला माणूस, रसायनशास्त्राशी माझा संबंध नाही, पण हे मला वाचताना फार आवडलं. मोहरीचा अख्खा दाणा तोंडात टाका, तो तिखट लागत नाही. तिखटपणा त्यात तयार नसतोच. दाण्यात सिनिग्रिन नावाचं द्रव्य एका कप्प्यात असतं आणि मायरोसिनेज नावाचं विकर दुसऱ्या कप्प्यात. दाणा फुटला, त्याला पाणी मिळालं की दोघांची गाठ पडते आणि एक उडून जाणारं तिखट तेल तयार होतं. ते हवेत उडतं म्हणून नाकात जातं. मिरचीचा जाळ जिभेवर बसून राहतो, मोहरीचा झणका येतो आणि जातो. पाणी गार हवं. गरम पाण्यात किंवा तापलेल्या तेलात ते विकर मरतं आणि तिखटपणा जन्मालाच येत नाही. म्हणून फोडणीतली मोहरी खमंग लागते, तिखट लागत नाही. तेच दाणे, पण तेलात गेले तर एक स्वभाव आणि पाण्यात गेले तर दुसरा.

आणखी एक गोष्ट. नुसत्या पाण्यात फेसलेली मोहरी थोड्या वेळाने निवते, तिचा झणका उतरत जातो. आंबट काही घातलं तर तो धरून ठेवला जातो. आपण कैरी घालतो, लिंबू पिळतो. फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातल्या लोकांनी व्हिनेगार घातलं, पुढे हिरव्या कच्च्या द्राक्षांचा आंबट रस घातला. त्या प्रांतात द्राक्षांचे मळे, तेव्हा आंबट म्हणून द्राक्षच हाताशी येणार. कोकणात असते तर त्यांनी कैरी घातली असती.

दिजों हे त्या प्रांताचं मुख्य शहर. मध्ययुगापासून मोहरीसाठी प्रसिद्ध. कथा तर कितीतरी आहेत. आव्हिन्योंला पोपची गादी होती तेव्हा एका पोपमहाराजांनी आपल्या निकम्म्या पुतण्याला कुठे चिकटवायचं म्हणून ‘पोपचा मुख्य मोहरीवाला’ असं पद काढलं, अशी एक गोष्ट तिथे चवीने सांगतात. आजही स्वतःला फार मोठा समजणाऱ्याला तिकडे ‘पोपचा मोहरीवाला’ म्हणतात. आपल्याकडेही असे मोहरीवाले काही कमी नाहीत, प्रत्येक सोसायटीच्या कमिटीत एक तरी सापडेल! आणि राग अनावर होऊ लागला की फ्रेंच माणूस म्हणतो, ‘माझ्या नाकात मोहरी चढू लागलीय.’ ज्याने कधी पाट्यावर मोहरी फेसली आहे त्याला या वाक्प्रचाराचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

प्रांताप्रांताची मोहरी तिथे वेगळी. मो गावची भरड, दाणे दिसणारी, मातीच्या बरणीत लाल लाखेचं सील लावून मिळते. ब्रीव्हची जांभळी, कारण तिच्यात काळ्या द्राक्षांचा रस. आल्सासची सौम्य. दिजोंची मात्र झणझणीत आणि मऊसूत, वरची सालं काढून टाकलेली. ससा या मोहरीत शिजवतात, मटणाला लावतात, कोशिंबिरीच्या तेलात घोळतात. आपल्या गावच्या मोहरीवरून ही माणसं तशीच भांडतात जशी आपल्याकडे कोल्हापूर आणि नागपूर रश्श्यावरून भांडतात.

पण भाच्याने पुढे जे सांगितलं आणि नंतर मी जे वाचलं त्याने मी खरा विचारात पडलो. दिजोंच्या मोहरीतली मोहरी दिजोंची नाही. फ्रान्समध्ये वापरल्या जाणाऱ्या मोहरीच्या दाण्यांपैकी सुमारे ८० टक्के दाणे कॅनडातून येत होते. पूर्वी बर्गंडीच्या जंगलात कोळसे पाडणारे लोक राखेच्या जमिनीत मोहरी पेरत, असं सांगतात. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या शेतकऱ्यांना दुसरी पिकं परवडू लागली, मोहरी मागे पडली आणि कॅनडाच्या विस्तीर्ण मैदानांनी ती उचलली. ‘दिजोंची मोहरी’ हे नाव जागेचं नसून कृतीचं आहे. १९३७ साली तिथल्या सरकारने ती कशी करायची याचे नियम केले, पण ती कुठे करायची हे बांधून दिलं नाही. त्यामुळे ती जगात कुठेही करता येते. २००९ साली तर खुद्द दिजों शहरातला मोठा मोहरी कारखाना बंद पडला. त्याच वर्षी ‘बर्गंडीची मोहरी’ या वेगळ्या नावाला युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन मिळालं. तिच्यात दाणे बर्गंडीचे आणि पांढरी वाइनही बर्गंडीचीच लागते.

मग २०२१ सालच्या उन्हाळ्यात कॅनडात भयंकर उष्णतेची लाट आली, दुष्काळ पडला, मोहरीचं पीक जवळपास निम्म्यावर आलं. पुढच्या वर्षी युक्रेनचं युद्ध. २०२२ मध्ये फ्रान्समधल्या दुकानांची फडताळं मोहरीवाचून रिकामी झाली. एका गिऱ्हाइकाला एकच बाटली, अशा पाट्या लागल्या. भाचा सांगत होता, त्याच्या ऑफिसातल्या बायका एकमेकींना फोन करून कुठल्या दुकानात बाटल्या आल्यात ते कळवत. रेशनवर साखर आली की आमच्या चाळीत जसा निरोप फिरे, तसा. त्यानंतर बर्गंडीतल्या शेतकऱ्यांनी पुन्हा मोठ्या प्रमाणावर मोहरी पेरायला घेतली.

हे ऐकून बायको म्हणाली, ‘म्हणजे ही दिजोंची नाहीच. फसवणूक आहे.’ मी म्हटलं, ‘मग आपली मोहरी कुठली?’ ती म्हणाली, ‘आपली म्हणजे? दुकानातली.’

आपल्या दुकानातली मोहरी बहुतेक राजस्थानातून येते. देशातल्या मोहरीचं जवळजवळ निम्मं पीक त्या एका राज्यात होतं, बाकी हरियाणा, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश. महाराष्ट्रात मोहरीची शेती नावापुरती. कोकणात तर नाहीच. म्हणजे आजींच्या सासवातली मोहरी भरतपूरकडची असेल, वाशीच्या बाजारातून घाटकोपरच्या वाण्याकडे आलेली असेल. म्हणून ते सासव सावंतवाडीचं नव्हतं का?

हा प्रश्न मला का बोचतो ते सांगतो. गेली तीस वर्षं मी मराठीत कविता लिहितो. कविसंमेलनात वाचून झालं की कुणीतरी प्रेमाने जवळ येतं आणि म्हणतं, ‘तुमचं मराठी फार छान आहे हो!’ त्यात दुजाभाव नसतो हे मला कळतं. मी हसून आभार मानतो. शेजारी बसलेल्या कुलकर्ण्यांना किंवा पाटलांना मात्र असं कुणी म्हणत नाही. मग दुसरा प्रश्न येतो, ‘घरी कुठली भाषा बोलता?’ मी सांगतो, दापोलीकडची, अम्मा बोलायची ती. ऐकणाऱ्याला ते पटत नाही. त्याला दाणा कुठून आला ते हवं असतं. आणि मी सांगत असतो तो पाट्याबद्दल. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात मराठीत ग्रंथरचना केली, हेही मी पूर्वी सांगत असे. आता सांगत नाही. दाखला काढून दाखवल्यासारखं वाटतं.

ते असो. मोहरीकडे येऊ.

भाचा गेल्यावर मला नाद लागला. कुठेही गेलो की मी मोहरीची चौकशी करू लागलो. आपल्या उपनगरांत ती किती तऱ्हांनी नांदते! घाटकोपर स्टेशनबाहेर गुजराती दुकानांत ‘राईना कुरिया’ मिळतात, म्हणजे आपली मोहरीची डाळ. थंडीत तिथे ‘रायतां मरचां’च्या बरण्या मांडलेल्या दिसतात. मिरच्या उभ्या चिरून त्यात मोहरीची डाळ, मीठ, हळद, लिंबू. पुन्हा राई आणि पुन्हा रायतं. आपल्या भरल्या मिरचीची ही सख्खी मावसबहीण. दुकानदार शेठना मी म्हटलं, आमच्याकडे याला भरली मिरची म्हणतात. ते म्हणाले, ‘तमारी तिखी होय, अमारी सारी होय!’ तुमची तिखट, आमची चांगली. यावर काय बोलणार?

घाटकोपरहून अंधेरीला जायला पूर्वी बसमध्ये तास मोडायचा. २०१४ साली मेट्रो झाली तेव्हापासून वीस-पंचवीस मिनिटांत माणूस पोचतो. अंधेरीत, वर्सोव्याकडे बंगाली बिऱ्हाडं बरीच. तिथल्या मासळीवाल्या कोळणी इलिश कसा कापून द्यायचा ते शिकल्या आहेत. बंगाली बाई मोहरी वाटताना हिरवी मिरची आणि मीठ बरोबर घेते, म्हणजे ती कडू होत नाही. आमच्या आजी मीठ घेत, कारण तेच. बंगालमध्ये कासुंदी नावाची मोहरीची चटणी अक्षय्य तृतीयेला घालायची रीत होती, आणि तिच्यातही कैरी असते. तिला मोठ्या सोवळ्यात करीत. मोहरी रुसते, असा काहीसा समज. एका बंगाली बाईंनी मला चमचाभर कासुंदी दिली. डोळे मिटून खाल्ली तर भाच्याच्या बाटलीची आणि आमच्या पाट्याची आठवण एकदमच आली.

त्याच अंधेरीत, साकीनाक्याच्या बाजूला उत्तर प्रदेश-बिहारमधले कामगार राहतात. त्यांच्या लिट्टी-चोख्याला कच्चं सरसोंचं तेल लागतं. ते त्याला कडुआ तेल म्हणतात. आपल्या मराठी माणसाला त्या तेलाचा वास सोसत नाही. आपण शेंगदाण्याच्या, करडईच्या तेलावर वाढलेले. चाळीत एका भय्याने संध्याकाळी मासे तळायला घेतले की दारं बंद होत, आणि त्यावर जी बोलणी होत ती इथे सांगण्यासारखी नाहीत. १९९८ साली दिल्लीत या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांच्या तेलाची भेसळ होऊन अनेक माणसं दगावली, तेव्हा आमच्याकडे काहीजण म्हणाले, ते तेलच तसं. तेलाचा काय दोष? ज्या दाण्याची फोडणी आपल्याला जेवणाचं आवतण वाटते, त्याच दाण्याचं तेल शेजाऱ्याच्या घरातून आलं की घाण वाटते. मीही त्या दारं बंद करणाऱ्यांत होतो, हे कबूल करतो.

बोरिवलीला जेट्टीवरून होडीने गोराईला गेलं की ईस्ट इंडियन ख्रिस्ती मंडळींची जुनी घरं आहेत. ही माणसं इथली मूळची, बोली मराठीच. त्यांच्या लग्नात विंदालू असतं. त्यात व्हिनेगार आणि लसूण; त्या पोर्तुगीज नावाचा अर्थ वाइन आणि लसूण. काही घरांत त्या मसाल्यात मोहरीही वाटतात. व्हिनेगारमध्ये वाटलेली मोहरी! दिजोंच्या कारागिराला ही कृती वाचून दाखवली तर तो म्हणेल, पुढचं मला माहीत आहे.

मोहरीचा दाणा धर्मग्रंथांतही फिरून आला आहे. येशूने स्वर्गाच्या राज्याला मोहरीच्या दाण्याची उपमा दिली. कुराणात हिशेबाच्या दिवसाचा उल्लेख येतो तिथे राईच्या दाण्याएवढं कर्मही तोललं जाईल, असा आशय आहे. आणि बुद्धाने किसा गोतमीला, मेलेलं मूल कवटाळून फिरणाऱ्या त्या आईला, मूठभर मोहरी आणायला पाठवलं. अट एकच, ज्या घरात कुणी मेलेलं नाही त्या घरातली हवी. मोहरी प्रत्येक घरात होती. तसं घर मात्र मिळालं नाही. मला ही गोष्ट लहानपणी शाळेत सांगितली तेव्हा मी गुरुजींना विचारलं होतं, सर, ती आमच्या चाळीत आली असती तर? गुरुजी म्हणाले, तुमच्या चाळीत मोहरी नक्की मिळाली असती.

घराघरात मोहरी असतेच, कारण ती नुसती खाण्यासाठी नसते. लेकराची दृष्ट काढायला मीठ-मोहरी लागते. अम्मा आमची नजर उतरवायची तीही मीठ, राई आणि सुक्या लाल मिरच्यांनी. आजी तेच करीत. दोघींचं तोंडातल्या तोंडात पुटपुटणं वेगळं असेल. मूठ ओवाळायची पद्धत तीच आणि शेगडीत टाकल्यावर येणारा ठसकाही तोच. ठसका आला नाही तर दृष्ट जबर होती, असं दोघीही म्हणत. हे खरं की खोटं, असं मला विचारू नका. मी त्या धुराने खोकलेला माणूस आहे.

१९९२ चा डिसेंबर आणि १९९३ चा जानेवारी मुंबईत काय घेऊन आला ते माझ्या पिढीच्या श्रोत्यांना सांगायला नको. मी तेव्हा नुकताच बी.ए. झालो होतो. आमच्या चाळीत कुणाला काही झालं नाही. रात्री पुरुषमंडळी नाक्यावर जागत बसत, त्यांत वडीलही असत, आणि एका रात्री त्यांना कुणीतरी सांगितलं, तुम्ही घरात बसा, तेच बरं. सांगणारा जवळचाच होता आणि काळजीनेच बोलला होता. पण वडील घरात येऊन बसले ते पुन्हा बाहेर गेले नाहीत. फेब्रुवारीत त्यांनी मुंब्र्याला खोली बघितली.

निघायच्या आदल्या संध्याकाळी आजी आल्या. हातात वाटी नव्हती, पाण्याचा तांब्याही नव्हता. अम्माकडेच मीठ आणि मोहरी मागितली. आणि मला, बावीस वर्षांच्या पदवीधराला, म्हणाल्या, ‘बस रे खाली.’ मी पाटावर बसलो. त्यांनी मूठ माझ्यावरून सात वेळा ओवाळली. मग वडिलांना म्हणाल्या, तुम्हीही बसा. वडील कधी कुणासमोर असे बसल्याचं मला आठवत नाही. ते बसले. स्टोव्हवर तवा ठेवून आजींनी मूठ सोडली. मोहरी तडतडून घरभर उडाली. कोपऱ्यात बांधून ठेवलेल्या गाठोड्यांवर, पुस्तकांच्या खोक्यात. ठसका एवढा आला की आम्ही सगळेच खोकत होतो, डोळे पुसत होतो. आजी म्हणाल्या, ‘काय नाय. दृष्ट नाय लागलेली.’ मग अम्माने त्यांना पाणी दिलं. आमच्या माठातलं. त्या प्यायल्या.

मुंब्र्याला खोकं उघडलं तेव्हा पुस्तकांत मोहरीचे दाणे निघाले. कितीतरी दिवस निघत होते.

पाटा आम्ही नेला नाही, जड होता. आजींकडेच ठेवला. पुढे त्या मुलाकडे गेल्या आणि पाट्याचं काय झालं कळलं नाही. अम्माने मुंब्र्याला सासव केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणे, पाट्याशिवाय होत नाही. ती गेल्यावर तिच्या पेटीत ती दुरेघी वहीची घडी सापडली. हळदीचे डाग, घडीवर फाटलेली, आणि वर माझं ठळक ‘सासव’, खाली दोन रेघा. मागच्या बाजूला तिने उर्दूत एकच शब्द लिहून ठेवला होता, ‘राई’, आणि त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह.

आता मुलुंडला आम्ही दर मे महिन्यात सासव करतो. रायवळ आंबे मिळवताना दमछाक होते, बाजारात सगळीकडे हापूस. मिक्सरमध्ये वाटण तापतं आणि झणका उडून जातो, म्हणून बायको बर्फाचं पाणी घालते. भाचा होता तेव्हा त्यालाही वाढलं. त्याने दोन वेळा घेतलं, कागदाचा मोबाइलवर फोटो काढला आणि जाताना अर्धा किलो मोहरीची डाळ बॅगेत कोंबली. फ्रान्समध्ये मिळणार नाही का, म्हटलं, तर म्हणाला, मिळेल, पण वाण्याकडची नसेल.

मागच्या महिन्यात त्याचा फोन आला. तिकडे आंबे मिळाले होते, नारळ मिळाला होता. म्हणाला, ‘मामू, कागदावर सगळं आहे. आंबे दहा, नारळाची एक वाटी, मिरच्या सहा, गूळ लिंबाएवढा. मोहरी शेवटी घालावी, हेही लिहिलंय. पण मोहरी किती, ते लिहिलंच नाहीये.’

खरंच लिहिलेलं नाही. चौथीतल्या मुलाने ते विचारलंच नव्हतं. आमच्या घरी बायको म्हणते एक चमचा, मी म्हणतो दीड, आणि दर वर्षी आमचं यावरून वाजतं. मी भाच्याला म्हटलं, एकापासून सुरुवात कर आणि नाकाजवळ धरून बघ.